विश्लेषण : नाणे ९० रुपयांचे, चांदी काही हजारांची… स्मारक नाण्यांचे नेमके मोल किती?

रिझर्व्ह बँकेच्या ९०व्या वर्षानिमित्त १ एप्रिल २०२४ रोजी मुंबईत झालेल्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ९० रुपयांच्या विशेष नाण्याचे अनावरण झाले. नाणे ४० ग्रॅम वजनाचे आणि ९९.९ टक्के शुद्ध चांदीचे. म्हणजे त्यावर आकडा ९० रुपयांचा असला, तरी त्यात चांदीच काही हजार रुपयांची. अशा नाण्यांची घोषणा झाली की दरवेळी तेच प्रश्न विचारले जातात. हे नाणे बँकेत मिळेल का? दुकानात चालेल का? घेऊन ठेवले तर भाव वाढेल का? आणि घरातल्या जुन्या डब्यात असलेल्या गांधीजींच्या नाण्याचे खरेच लाखो रुपये मिळतात का? त्याविषयी…

स्मारक नाणे म्हणजे काय?

एखाद्या घटनेची, संस्थेची किंवा व्यक्तीची आठवण म्हणून केंद्र सरकार जे नाणे काढते, ते स्मारक नाणे. ही नाणी दोन प्रकारची असतात आणि बहुतेक गोंधळ हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतो.

पहिला प्रकार चलनातल्या नाण्यांचा. १९९९ मधील छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे, १९९० मधील डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे, २००७ मधील लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे ही त्याची उदाहरणे. ही नाणी इतर नाण्यांसारखीच बाजारात आली आणि भाजीवाल्यापासून बस कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या हातातून फिरली.

दुसरा प्रकार केवळ संग्राहकांसाठी काढलेल्या नाण्यांचा. ७५, १००, १२५, १५०, ५५० अशा रकमांची ही नाणी सहसा चांदीची किंवा चांदीमिश्रित धातूची असतात. ती बँकेच्या काउंटरवर किंवा सुट्ट्या पैशांत येत नाहीत. टांकसाळीकडे आगाऊ नोंदणी करून, ठरलेली किंमत भरून ती विकत घ्यावी लागतात.

कधी कधी एकाच निमित्ताने दोन्ही प्रकार निघतात. डॉ. आंबेडकरांच्या १२५व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, १२५ रुपयांचे आणि १० रुपयांचे अशी दोन नाणी प्रकाशित झाली. यातले १० रुपयांचे नाणे लोकांच्या खिशात आले, तर १२५ रुपयांचे नाणे संग्राहकांच्या कपाटात गेले.

७५, ९०, १२५… असे वेगळे आकडे कशासाठी?

चलनातल्या नाण्याचा आकडा हिशेबाच्या सोयीने ठरतो, तर संग्राहकांसाठीच्या नाण्याचा आकडा बऱ्याचदा त्या निमित्तावरून घेतला जातो. गुरू नानक यांच्या ५५०व्या जयंतीला ५५० रुपये, रवींद्रनाथ टागोरांच्या १५०व्या जयंतीला १५० रुपये, येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांच्या द्विशताब्दीला २०० रुपये. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या ३००व्या जयंतीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळमध्ये ३०० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानंतर २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हाचे नाणे ७५ रुपयांचे होते.

रिझर्व्ह बँकेचीच अशी तीन नाणी आहेत. १९८५ मध्ये सुवर्णमहोत्सवाचे १०० रुपयांचे, २०१० मध्ये अमृतमहोत्सवाचे ७५ रुपयांचे आणि २०२४ मध्ये ९० रुपयांचे. संस्थेचे वय वाढले आणि नाण्यावरचा आकडा १०० वरून ९० वर आला, हे वाचायला विचित्र वाटते. पण नाण्यावरच्या आकड्याचा त्यातल्या धातूशी किंवा विक्रीच्या किमतीशी फारसा संबंध नसतो, हे यातून लक्षात येते.

आकड्याला कायद्याने एकच मर्यादा आहे. नाणे कायदा, २०११ नुसार एक हजार रुपयांपेक्षा अधिक रकमेचे नाणे काढता येत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली तेव्हा काढलेले नाणे नेमके याच मर्यादेवर, म्हणजे १००० रुपयांचे होते.

भारतात ही नाणी केव्हा सुरू झाली?

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे पंडित जवाहरलाल नेहरू यांचे. २७ मे १९६४ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर त्याच वर्षी एक रुपया आणि ५० पैशांची निकेलची नाणी काढण्यात आली.

चांदी आली ती १९६९ मध्ये, महात्मा गांधी जन्मशताब्दीच्या वेळी. २० पैसे, ५० पैसे, एक रुपया आणि १० रुपये अशी चार नाणी निघाली. यातले केवळ १० रुपयांचे नाणे चांदीचे होते. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत, देव्हाऱ्याच्या खणात किंवा लॉकरमधल्या जुन्या डबीत हे नाणे आजही सापडते.

त्यानंतर अन्न उत्पादन, कुटुंब नियोजन, महिला वर्ष असे सरकारी मोहिमांचे विषय नाण्यांवर आले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोहिमेशी जोडलेली ही मालिका १९७० पासून सुरू झाली. नाण्यांचा आकडा वाढत गेला. १९७३ मध्ये २० रुपये, १९७४ मध्ये ५० रुपये आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला १०० रुपये. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांचे १०० रुपयांचे नाणे याच काळातले.

आकडा वाढत असताना चांदीचे प्रमाण मात्र घटले. १९६९ ते १९७१ या काळातल्या नाण्यांत ८० टक्के चांदी होती. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १० रुपयांचे नाणे निघाले, तेव्हा वजन २२.५ ग्रॅमपर्यंत वाढले, पण चांदी ५० टक्क्यांवर आली. म्हणजे नाणे हाताला जड लागत होते, पण त्यात चांदी होती ११.२५ ग्रॅम. आधीच्या हलक्या नाण्यात ती १२ ग्रॅम होती.

निम्मीच चांदी का? उरलेले काय असते?

त्यानंतरच्या बहुतांश मोठ्या नाण्यांचा साचा जवळपास ठरून गेला. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर, कडेला २०० खाचा. धातू ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, पाच टक्के निकेल आणि पाच टक्के जस्त. २०१८ चे अटलबिहारी वाजपेयी यांचे १०० रुपयांचे आणि २०२३ चे नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे याच मिश्रणाचे. चार धातूंमुळे याला चतुर्मिश्र धातू म्हणतात.

हे मिश्रण स्मारक नाण्यांसाठी शोधलेले नाही. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आहे. ब्रिटिश राजवटीत चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. युद्ध सुरू झाल्यावर लोकांनी चांदीचे रुपये घरात दडवायला सुरुवात केली. नाण्यांची टंचाई झाली. तेव्हा १९४० मध्ये सरकारने एक रुपयाची नोट आणली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणून हेच चार धातूंचे मिश्रण वापरले. १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला आणि रोजच्या रुपयातून चांदी गेली. युद्धकाळात काटकसर म्हणून आलेले हे मिश्रण पुढे संग्राहकांच्या नाण्यांत मात्र अनेक दशके टिकले. रिझर्व्ह बँकेचे ९० रुपयांचे नाणे वेगळे ठरते ते यामुळेच. त्यात जवळपास सगळीच चांदी आहे.

ही नाणी बनतात कुठे आणि कशी?

भारत सरकारच्या चार टांकसाळी आहेत. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. त्या ‘सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ या केंद्र सरकारच्या कंपनीच्या अखत्यारीत येतात. नाशिकचा नोटांचा छापखानाही याच कंपनीचा. संग्राहकांसाठीची नाणी प्रामुख्याने मुंबई आणि कोलकाता टांकसाळीतून येतात. मुंबईची टांकसाळ फोर्ट भागात, रिझर्व्ह बँकेच्या उंच इमारतीलगत आहे. त्या रस्त्याला मिंट रोड हे नाव पडले ते या टांकसाळीमुळे.

कोणतेही स्मारक नाणे काढण्याचा निर्णय केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे असतो. निर्णय झाला की राजपत्रात अधिसूचना निघते. नाण्याचा आकार, व्यास, वजन, धातूचे प्रमाण, कडेच्या खाचा आणि दोन्ही बाजूंचे चित्र असे सगळे तपशील त्यात दिलेले असतात. एका बाजूला सिंहमुद्रा, ‘सत्यमेव जयते’ आणि रुपयाच्या चिन्हासह रक्कम, तर दुसऱ्या बाजूला निमित्ताचे चित्र, अशी साधारण रचना. त्यामुळे समोरचे नाणे खरे आहे का, हे तपासायचे असेल तर ही अधिसूचना हा पहिला आधार ठरतो.

विक्रीला नाणे दोन दर्जांत येते. ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे चलनात न फिरलेले, कोरे नाणे. आणि ‘प्रूफ’, म्हणजे खास घडवलेले. चलनातली नाणी यंत्रावर मिनिटाला शेकडोंच्या वेगाने ठोकली जातात. प्रूफ नाण्याचे तसे नसते. कोऱ्या चकतीला आणि साच्यालाही आधी पॉलिश करतात. मग जास्त दाबाखाली, संथ गतीने, एकापेक्षा अधिक वेळा ठसा उमटवतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी चकचकते आणि चित्राला दुधी झाक येते. नाणे हातमोजे घालून हाताळले जाते आणि बंद डबीत ठेवले जाते. या मेहनतीचे पैसे किमतीत धरलेले असतात.

नाणे कोणत्या टांकसाळीचे, हे सालाखालच्या खुणेवरून कळते. मुंबईची खूण हिरा, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर रोमन लिपीतले ‘एम’ हे अक्षर आढळते.

मग नाण्याची खरी किंमत कोणती?

अशा नाण्याला एक नव्हे, तीन किमती असतात. त्या वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ संपतो.

पहिली दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यावर छापलेली. ७५, ९० किंवा १०० रुपये.

दुसरी धातूची किंमत. हा हिशेब घरी करता येतो. नाण्याचे वजन गुणिले चांदीचे प्रमाण गुणिले त्या दिवशीचा प्रतिग्रॅम दर. सोयीसाठी चांदी किलोला एक लाख रुपये, म्हणजे ग्रॅमला १०० रुपये धरू. ३५ ग्रॅमच्या निम्म्या चांदीच्या नाण्यात १७.५ ग्रॅम चांदी, म्हणजे १७५० रुपये. रिझर्व्ह बँकेच्या ४० ग्रॅमच्या नाण्यात जवळपास ४ हजार रुपये. १९६९ च्या गांधी नाण्यात १२ ग्रॅम, म्हणजे १२०० रुपये. दर दुप्पट असेल तर हे आकडे दुप्पट करायचे. नाण्याचे पूर्ण वजन धरून हिशेब करणे ही सर्वात सामान्य चूक आहे. ३५ ग्रॅमचे नाणे म्हणजे ३५ ग्रॅम चांदी नव्हे.

तिसरी संग्राहकांची किंमत. नाणे किती निघाले, आज किती उपलब्ध आहेत, त्याची अवस्था कशी आहे, मूळ डबी आणि प्रमाणपत्र सोबत आहे का आणि ते हवे असणारे किती जण आहेत, यावर ती ठरते. तिला कोणताही सरकारी दर नाही. दोन व्यवहारांत ती वेगळी असू शकते.

टांकसाळीची विक्री किंमत या तिन्हींपेक्षा वेगळी. तिच्यात धातू, घडणावळ, डबी आणि कर असे सगळे येते. नाण्यांवर तीन टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यामुळे खरेदीच्या दिवशीच ग्राहकाने धातूच्या किमतीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजलेले असतात.

दुकानात किंवा बँकेत हे नाणे चालते का?

नाणे कायद्यात ‘नाणे’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात स्मारक नाण्याचाही समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते खेळण्यातले नाणे नाही. एक रुपया आणि त्यावरील रकमेची नाणी एका व्यवहारात एकूण एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, असेही हाच कायदा सांगतो.

प्रत्यक्षात मात्र ७५ रुपयांचे नाणे किराणा दुकानात देणारा माणूस शोधून सापडणार नाही. त्यात चांदीच हजारांच्या घरात असताना ते ७५ रुपयांना कोण देईल? आणि दुकानदाराने किंवा बँकेतल्या रोखपालाने असे नाणे पाहिलेलेच नसेल, तर तोही ते घ्यायला कचरेल.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न खरोखर उभा राहिला. तिथल्या रॉयल मिंटने २०, ५० आणि १०० पौंडांची चांदीची नाणी दर्शनी किमतीलाच विकली, म्हणजे १०० पौंडांना १०० पौंडांचे नाणे. नाण्यातली चांदी त्याहून स्वस्त होती. काहींनी ती घेऊन बँकेत भरायचा प्रयत्न केला, तेव्हा बँकांनी ती नाकारली. ‘लीगल टेंडर’ असणे आणि कोणीही ते स्वीकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना तेव्हा कळले. भारतात उलटे आहे. इथे धातूच दर्शनी किमतीपेक्षा महाग असल्याने नाणे खर्च करणाऱ्याचेच नुकसान होते.

नाणे वितळवून चांदी मिळवता येते का?

इथे कायदा आडवा येतो. नाणे कायद्यानुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. स्मारक नाणेही व्याख्येत येत असल्याने ते या बंधनातून सुटत नाही.

याचा अर्थ धातूची किंमत हा केवळ हिशेब आहे. लगडीप्रमाणे ती हवी तेव्हा सराफाकडे मोडून वसूल करता येत नाही. नाणे विकायचे तर ते नाणे म्हणून घेणारा, म्हणजे दुसरा संग्राहक किंवा नाण्यांचा व्यापारी गाठावा लागतो. तो आपला नफा धरूनच भाव देणार.

मग ही गुंतवणूक आहे की नाही?

काही देशांत गुंतवणुकीसाठीची आणि संग्रहासाठीची नाणी वेगळी असतात. अमेरिकेत १९८६ पासून निघणारे ‘सिल्व्हर ईगल’ हे एक ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम चांदीचे नाणे. कॅनडाचे चांदीचे ‘मेपल लीफ’ १९८८ पासूनचे. त्यांची गुंतवणुकीसाठीची आवृत्ती मोठ्या संख्येने निघते, चांदीच्या दराच्या आसपास विकली जाते आणि तशीच परत विकत घेतली जाते. भारतीय स्मारक नाणे या वर्गातले नाही. ते संग्राह्य वस्तू आहे.

संग्राह्य वस्तूचा भाव वाढतोच असे नाही, हे अमेरिकेच्या पहिल्याच स्मारक नाण्याने दाखवले होते. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी १८९२ मध्ये कोलंबसचे अर्ध्या डॉलरचे चांदीचे नाणे निघाले आणि ते एका डॉलरला विकले गेले. अपेक्षेइतके खपले नाही, तेव्हा उरलेली नाणी अर्ध्या डॉलरच्या दर्शनी किमतीला चलनात सोडण्यात आली. ज्यांनी एक डॉलर मोजला होता, त्यांना तेच नाणे सुट्ट्या पैशांत मिळू लागले. पुढे १९३६ च्या सुमारास तिथे स्मारक नाण्यांचा इतका सुकाळ झाला की सट्टेबाजीने चढलेले भाव कोसळले.

भारतातही अलीकडच्या वर्षांत अशा नाण्यांची संख्या बरीच वाढली आहे. पूर्वी वर्षाला एखाद-दुसरे निमित्त असे. आता संस्था, व्यक्ती, कार्यक्रम अशा अनेक निमित्तांनी नाणी येतात. एकेक नाणे जमवणाऱ्याच्या खिशाला ते परवडत नाही आणि विषय वाढले की प्रत्येक नाण्यामागचे ग्राहक विभागले जातात. काही नाण्यांचे भाव वाढतात, हे खरे. चांदी महागली की सगळ्याच नाण्यांची किमान किंमत वर सरकते, हेही खरे. पण चांदीचा दर वाढेल म्हणून पैसे गुंतवायचे असतील, तर लगड किंवा चांदीचे ईटीएफ हे अधिक सरळ मार्ग आहेत. नाणे घ्यायचे ते विषय आवडला म्हणून.

सराफाकडचे लक्ष्मीचे नाणे यात येते का?

नाही. धनत्रयोदशीला किंवा लग्नात आहेर म्हणून दिले जाणारे लक्ष्मी-गणपतीचे चांदीचे ‘नाणे’ हे कायद्याच्या अर्थाने नाणेच नाही. त्यावर सिंहमुद्रा नसते, रक्कम नसते. ते पदक आहे. त्याची किंमत चांदी अधिक घडणावळ इतकीच आणि ते मोडायला हरकत नाही. ते घेताना शुद्धतेची खूण आणि पक्के बिल पाहावे. उलट, खासगी विक्रेत्याने काढलेल्या पदकाला कोणी ‘भारत सरकारचे मर्यादित संख्येतले नाणे’ म्हणून विकत असेल, तर सावध व्हावे.

‘जुने नाणे द्या, लाखो मिळवा’ या जाहिरातींचे काय?

सर्वात जास्त लोक अडकतात ते इथे. समाजमाध्यमांवर एखाद्या साध्या पाच किंवा १० रुपयांच्या नाण्याचे चित्र दिसते. सोबत ‘पाच लाखांना विका’ असा मजकूर आणि फोन क्रमांक. फोन केला की समोरचा माणूस नाण्याचा फोटो मागवतो, ते ‘अतिदुर्मीळ’ असल्याचे सांगतो आणि सौदा पक्का करतो. मग नोंदणी शुल्क, कर, कुरिअर, ‘रिझर्व्ह बँकेची परवानगी’ अशा नावांनी पैसे मागितले जातात. विकणाऱ्यालाच पैसे भरायला लावले जातात, ही या फसवणुकीची ठळक खूण आहे. यात अनेकदा ज्येष्ठ नागरिक अडकतात, कारण जुनी नाणी त्यांच्याकडेच असतात.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचा सहभाग नसतो, बँक त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसे करण्याचे अधिकार तिने कोणालाही दिलेले नाहीत, असे त्यात स्पष्ट केले होते. अशी फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करता येते. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता अधिक.

घरात असे नाणे सापडले तर काय करावे?

आधी साल नीट वाचावे. गांधी जन्मशताब्दीच्या नाण्यांवर ‘१८६९-१९४८’ असे छापलेले असते. ही गांधीजींची जन्म आणि मृत्यूची वर्षे आहेत, नाण्याची नव्हेत. त्यामुळे ‘आमच्याकडे १८६९ चे नाणे आहे’ असा समज करून घेण्याचे कारण नाही.

मग धातू पाहावा. त्याच मालिकेतले एक रुपया आणि ५० पैशांचे नाणे निकेलचे असल्याने लोहचुंबकाला चिकटते. १० रुपयांचे चांदीचे नाणे चिकटत नाही. अर्थात न चिकटणारे प्रत्येक नाणे चांदीचे असेलच असे नाही. त्यामुळे छोट्या वजनकाट्यावर वजन करून ते अधिकृत वजनाशी ताडून पाहावे.

नाणे काळे पडले असेल तरी चिंच, रांगोळी, टूथपेस्ट किंवा पॉलिशची पावडर यांपैकी काहीही लावू नये. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर तो थर येतो आणि संग्राहकांना तो सहसा चालतो. घासल्यामुळे पडलेले ओरखडे मात्र चालत नाहीत. घासलेले नाणे चमकते, पण त्याची संग्राह्य किंमत धातूच्या किमतीकडे घसरते. नाणे कडेला धरावे, कोरड्या जागी ठेवावे, पीव्हीसीच्या प्लास्टिक पाकिटात ठेवू नये.

नवे नाणे हवे असेल, तर भारत सरकार टांकसाळीच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदणीची मुदत पाहून मागणी नोंदवावी. नोंदणी झाल्यावर नाणे हातात यायला काही महिने लागू शकतात. मुदत चुकली तर व्यापाऱ्यांकडे तेच नाणे चढ्या दराने मिळते. त्याआधी ही नाणी डोळ्यांनी पाहायची असतील, तर मुंबईत फोर्टमध्ये सर फिरोजशाह मेहता मार्गावर रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. नाण्यांचा अभ्यास करायचा असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

आणि आजोबांनी जपलेले गांधीजींचे १० रुपयांचे नाणे? त्याचे लाखो रुपये येणार नाहीत. त्यात १२ ग्रॅम चांदी आहे, एवढे नक्की. ते विकायची घाई नसेल, तर कोणी कधी आणि कशासाठी घेतले होते, हे एका चिठ्ठीवर लिहून नाण्यासोबत ठेवावे. ही माहिती दुसऱ्या कुठल्याही नोंदीत सापडणार नाही.